कमान, पाटा आणि रस्ता

अलिबाग-पेणकडच्या एखाद्या गॅरेजात जाऊन उभं राहिलं तर 'सस्पेन्शन' हा शब्द क्वचितच कानावर येतो. तिथे पाटे असतात, बुश असतात आणि 'शॉकप' असतात. "मागचे पाटे बसलेत" असं मिस्त्रीने म्हटलं की मालकाला खर्चाचा अंदाज येतो. पाट्यांच्या जुडग्याला आपण कमान म्हणतो. धनुष्यालाही कमानच म्हणतात. दोन्ही वाकतात आणि सोडलं की मूळ जागी येतात, म्हणून असेल.

सध्या जुन्या महागड्या उघड्या गाड्यांना, म्हणजे रोडस्टरना, नवीन सस्पेन्शन बसवून 'अपग्रेड' करायची हौस वाढली आहे. आमच्या घरातही ती शिरली आहे, त्याबद्दल पुढे सांगतोच. पण त्या निमित्ताने या कमानीचा इतिहास चाळला आणि एक प्रश्न डोक्यात बसला. अपग्रेड करायचं ते कोणत्या रस्त्यासाठी?

सुरुवात बैलगाडीपासून करू. बैलगाडीला कमान नसते. आख, चाक आणि वर साटा, संपलं. आपल्या पूर्वजांना हाडं नव्हती असं नाही :-) पण बैलाच्या चालीने जाताना दगडावर चाक चढतं आणि हळूच उतरतं. गचका बसतो, पण सोसतो. वेग वाढला की तोच दगड कंबर मोडतो. म्हणून कमानीची गरज आधी घोड्यांच्या गाड्यांना पडली. पूर्वी युरोपात गाडीची पेटी चामड्याच्या पट्ट्यांवर टांगत, मग ती बोटीसारखी डुलायची. १८०४ मध्ये ओबडाया इलियट या इंग्रज कारागिराने पोलादी पाट्यांची लंबगोल कमान बसवली आणि गाडी हलकी, बुटकी आणि सुसह्य झाली. पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणात थोडा धक्का जिरतो, हा त्यातला फुकटचा फायदा.

मोटार आली तीही हीच कमान घेऊन. आणि इथे आपल्या महाराष्ट्राचा एक झकास प्रसंग आहे. १९०८ मध्ये मुंबई-कोल्हापूर अशी मोटारींची चाचणी झाली. तिच्यात रोल्स-रॉइसची चाळीस-पन्नास अश्वशक्तीची एक गाडी उतरली होती, नाव 'पर्ल ऑफ द ईस्ट'. त्या वेळी डांबरी महामार्ग कुठले? धूळ, खडी आणि घाट. गाडीने चाचणी गाजवली आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी विकत घेतली. हिंदुस्थानातल्या संस्थानिकांमध्ये रोल्स-रॉइसचं जे वेड पसरलं त्याच्या मुळाशी हे यश होतं. इंजिन किती शांत होतं याच्या गोष्टी सगळे सांगतात. पण सह्याद्रीच्या रस्त्यावर गाडी टिकते की नाही हे इंजिनाइतकंच कमानी ठरवतात.

कंपनीलाही ते उमगलं असावं. वसाहतींसाठी ज्या गाड्या बनत त्या जमिनीपासून जास्त उंच असत आणि त्यांच्या कमानी जास्त दणकट असत. इंग्लंडमधल्या गुळगुळीत रस्त्यावर जी गाडी राजेशाही, ती तशीच्या तशी इथे चालणार नाही हे त्यांनी मान्य केलं होतं. मूळ गाडीच्या मागच्या कमानीसुद्धा बदलत गेल्या आणि १९१२ च्या सुमारास लांब कॅन्टिलिव्हर कमानी आल्या. म्हणजे सस्पेन्शन अपग्रेड ही आजची टूम नाही, ती मोटारीइतकीच जुनी आहे.

पुढची उडी मॉरिस ऑली या इंजिनिअरची. तो आधी रोल्स-रॉइसमध्ये होता, मग अमेरिकेत जनरल मोटर्सकडे गेला. एक चाक खड्ड्यात गेलं तर दुसऱ्याने का कलंडावं, असा साधा प्रश्न. १९३४ च्या कॅडिलॅकला पुढच्या दोन चाकांसाठी स्वतंत्र सस्पेन्शन आलं त्यामागे त्याचं काम होतं. पुढच्या स्प्रिंगा मागच्यापेक्षा मऊ हव्यात, म्हणजे गाडी घोड्यासारखी पुढे-मागे उसळत नाही, हेही त्याने दाखवलं. गाडीचा हेलकावा सेकंदाला साधारण एक ते दीड असला की शरीराला बरं वाटतं, आणि तो आपल्या चालण्याच्या ठेक्याजवळ जातो. मला ही गोष्ट फार आवडली. इतकं यंत्र करून शेवटी माणसाला हवी ती स्वतःच्या पायांची चाल!

आता रोडस्टरकडे येऊ. मर्सिडीजची ३०० एसएल कूपे, वर उघडणाऱ्या दारांची, १९५४ मध्ये आली. तिची मागची चाकं बिजागरीसारख्या हलणाऱ्या आखांवर होती. चाक खाली-वर झालं की तिरपंही व्हायचं. जोरात वळताना घाबरून पाय उचलला तर मागची चाकं आत मुडपायची आणि गाडीची शेपटी बाहेर जायची. १९५७ मध्ये तिचं रोडस्टर रूप आलं तेव्हा ती बिजागरी खाली आणली आणि एक आडवी स्प्रिंग जोडली. गाडी बरीच माणसाळली. १९७१ च्या एसएलमध्ये तो प्रकारच गेला. आणि २००१ च्या एसएलमध्ये प्रत्येक स्प्रिंगला तेलाच्या दाबावर चालणारा सिलिंडर आणि त्यावर कॉम्प्युटरची नजर. वळणावर गाडी कलंडायच्या आत ती सावरली जाते. पण रबरी नळ्या आणि सील वीसेक वर्षांत म्हातारे होतात. म्हणून आज जगभर काही मालक ते सगळं काढून साध्या पोलादी स्प्रिंगा बसवतात आणि त्यालाही 'अपग्रेड' म्हणतात. गंमत आहे की नाही?

आता आमच्या घरची गोष्ट. माझ्या भाच्याकडे एक जुनी दोन सीटची उघडी गाडी आहे. कंपनीचं नाव घेत नाही, तिचा काही दोष नाही. दोष असलाच तर वयाचा आणि समुद्राचा. १५ मार्च २०२० ला भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईच्या बुटक्या, चकचकीत गाड्या थेट आमच्या किनाऱ्यावर उतरू लागल्या. इथली हवा खारी. स्प्रिंगचा खालचा वेढा ज्या वाटीत बसतो तिथे वाळू आणि खारं पाणी साठतं. रंग उडतो, गंजाचा बारीक खड्डा पडतो, तिथूनच तडा जातो आणि एक दिवस स्प्रिंग तुटते. ओहोटीला वाळूवर गाडी घालणाऱ्यांना तर हे लवकर भेटतं.

भाच्याला गाडी आणखी बुटकी आणि कडक करायची होती, फोटोत छान दिसते म्हणून. आमच्या मिस्त्रीने त्याला समजावलं ते मला कुठल्याही पुस्तकापेक्षा स्पष्ट वाटलं. स्प्रिंग धक्का नाहीसा करत नाही, ती तो साठवते. जिरवतो तो शॉकप, तेलाला गरम करून. स्प्रिंग कडक केली आणि शॉकप जुना ठेवला तर गाडी चेंडूसारखी उडणार. आणि बुश फाटलेले असतील तर दोन्हीचा उपयोग नाही. म्हणून आधी बुश, मग शॉकप, मग स्प्रिंग. उंची कंपनीची होती तीच ठेव, जमलं तर बोटभर जास्त. भाच्याने ऐकलं. मामाचं ऐकलं नसतं, मिस्त्रीचं ऐकलं.

तरी मला राहून राहून वाटतं ते वेगळंच. एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून ज्यांनी कोकणातला प्रवास केलाय त्यांना ठाऊक आहे, साध्या एसटीच्या कमानी भरलेल्या गाडीच्या वजनाला धरून कडक केलेल्या असतात, आणि गाडी रिकामी असली की माणूस छपराला लागतो. १ जून १९४८ ला पुणे-नगर पहिली एसटी धावली, तेव्हापासून किती पिढ्यांनी हे सोसलं. मिनीडोरमध्ये दाटीवाटीने बसणाऱ्यांचं तेच. मुंबई-गोवा महामार्गाचं पळस्पे-इंदापूर रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि दहा वर्षं उलटल्यावरही पुरतं संपलेलं नव्हतं. त्या खड्ड्यांतून बाळंतीण गेली, मोडलेल्या हाडाचा माणूस गेला. त्यांना कोणी बोटभर उंच स्प्रिंग बसवून दिली नाही.

दोनशे वर्षांचा हा सगळा इतिहास एका अर्थी रस्त्याची उणीव गाडीत भरून काढण्याचा आहे. ज्याला परवडलं त्याने चांगली कमान घेतली. पण स्प्रिंग एकट्याची असते आणि रस्ता सगळ्यांचा. चांगला रस्ता बैलगाडीलाही मऊ लागतो आणि रोल्स-रॉइसलाही. भाच्याची गाडी आता छान चालते, त्याचा आनंदच आहे. पण या किनाऱ्यावरचं खरं सस्पेन्शन अपग्रेड डांबराचं आणि गटारांचं असेल, आणि ते पावसाळ्याआधी झालं तर उत्तम!