गुडघेरोपणाची फेरशस्त्रक्रिया : दीर्घकालीन फलित आणि नोंदींचा प्रश्न (विशेष संदर्भ : बारामती व इंदापूर तालुके)

तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्याचे सांधेरोपण ऑक्टोबर २००० मध्ये व उजव्याचे जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात झाले. शल्यविशारद डॉ. चित्तरंजन राणावत हे १९७० च्या दशकात न्यूयॉर्क येथे जॉन इन्सॉल यांच्यासमवेत आधुनिक संपूर्ण कृत्रिम गुडघा घडविणाऱ्यांपैकी एक होत. पुढे पुण्याचे डॉ. कांतिलाल संचेती यांनी खाली बसण्याची भारतीय सवय ध्यानी घेऊन ‘इंडस’ हा देशी बनावटीचा गुडघा विकसित केला.

पहिल्या रोपणाचा हा इतिहास सर्वश्रुत आहे. दुसऱ्याचा तितकासा नाही. कालांतराने सांधा सैल होतो, त्यातील पॉलिएथिलीनचा थर झिजतो किंवा जंतुसंसर्ग होतो. जुना सांधा काढताना थोडेफार हाडही गमवावे लागते. संसर्ग असल्यास आधी सांधा काढून प्रतिजैविके द्यावयाची व काही आठवड्यांनी नवा बसवावयाचा, ही दोन टप्प्यांची पद्धत इन्सॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडली.

या शस्त्रक्रियेचे दीर्घकालीन फलित कळते ते नोंदवह्यांमुळेच. स्वीडनने गुडघ्यांची राष्ट्रीय नोंद १९७५ पासून ठेवली. ऑस्ट्रेलिया व फिनलंडच्या नोंदींवरून २०१९ मध्ये असे अनुमान निघाले, की पहिल्या रोपणातील शंभरपैकी सुमारे ८२ सांधे २५ वर्षे टिकतात. फेरशस्त्रक्रियेचे चित्र वेगळे आहे. ब्रिटिश नोंदींवर आधारित २०२१ च्या अभ्यासानुसार पहिल्या फेरशस्त्रक्रियेनंतर १३ वर्षांत सुमारे पाचपैकी एका गुडघ्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. दुसरीनंतर तेच प्रमाण पाच वर्षांत, तर तिसरीनंतर तीनच वर्षांत गाठले गेले. भारतात सांधेरोपण शल्यविशारदांच्या संघटनेने २००६ मध्ये नोंद सुरू केली, परंतु ती ऐच्छिक आहे.

बारामती व इंदापूर या ऊसपट्ट्यात लागण, खुरपणी व धारा काढणे ही कामे उकिडवे बसूनच होतात. बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१९ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी अशा मोठ्या शस्त्रक्रियेसाठी पुण्याची वाट धरणे स्वाभाविकच होते. पुण्यात रोपण, गावी वास्तव्य आणि पंधरा वर्षांनी तिसऱ्याच शल्यविशारदाकडे तक्रार, असा प्रवास घडला, तर आतील सांधा कोणत्या कंपनीचा व कोणत्या मापाचा, हे सांगणारा पुरावा एकच उरतो : घरच्या ट्रंकेतील फाईलीत डकविलेली स्टिकरे, आणि तीही फाईल वाळवीतून वाचली असेल तर.