तळटीप : विजापूरच्या वेढ्यातले डोक्यावरचे धान्य

विजापूर तोफांनी पडले, हे मूळ लेखकाचे विधान अर्धेच खरे. १६८५ मध्ये औरंगजेबाने सोलापुरात तळ दिला. १२ सप्टेंबर १६८६ला विजापूर शरण आले, तोवर उपासमार दोन्ही बाजूंना होती. विजापूरच्या बाजूच्या बेरड सरदार पाम नायकाने पाठवलेले ६,००० बेरड प्यादे रात्री डोक्यावर धान्य घेऊन किल्ल्याकडे निघाले. मुघल सरदार फिरोज जंगने त्यांना वाटेतच कापून काढले. आकडा मुघल तवारिखांतला, म्हणजे जेत्याचा, फुगवलेला असेलही. पण डोक्यावरची गाठोडी हा तपशील फुशारकीतून सुचत नाही. बैलांचा तांडा चौक्यांमधून निसटत नाही, अंधारात माणूस निसटू शकतो. माणशी अर्धा मण धरला, तरी ३,००० मण. त्यावर वेढलेले शहर किती दिवस काढणार?