रविवारची सुट्टी आणि दोन वाडिया

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. आज मुहूर्त लागला.

2006 मध्ये मी कोरियातल्या उल्सानला होतो. जहाजमालकाचा इन्स्पेक्टर म्हणून. आठवड्याचे सहा दिवस टॉर्च घेऊन टाक्यांत उतरायचं, वेल्डिंग बघायचं, रंगाची जाडी मोजायची आणि संध्याकाळी शिसं भरल्यासारखे पाय घेऊन खोलीवर यायचं. रविवार मात्र माझा. बस पकडून तासाभरात ग्योंग्जूला जायचो. सिल्ला राजांची ही जवळजवळ हजार वर्षांची राजधानी. गावाच्या मधोमध राजांच्या थडग्यांचे हिरवेगार उंचवटे आहेत, छोट्या टेकड्यांसारखे. मी ते बघायचो आणि सहलीला आलेली शाळकरी पोरं मला! "इंदो, इंदो" करत घोळका जमायचा, फोटो काढायची. पहिल्यांदा गंमत वाटली, चौथ्या-पाचव्या रविवारी वैताग आला.

पुढे परत आल्यावर एक जुनं पुस्तक हाती पडलं आणि एकटाच हसलो. जहांगीर नौरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी या मुंबईच्या दोन पारशी तरुणांनी इंग्लंडातल्या आपल्या अडीच वर्षांच्या मुक्कामाबद्दल इंग्रजीत लिहिलेलं, 1841 साली लंडनला छापलेलं. दोघे चुलतभाऊ, गोदी बांधणाऱ्या वाडिया घराण्यातले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात गेले तर त्यांचा पारशी पोशाख बघायला ही गर्दी! पिंजऱ्यातल्या प्राण्यांइतकेच आपणही लोकांच्या कुतूहलाचा विषय झालो होतो, असं ते चक्क लिहितात. मला ग्योंग्जूची पोरं आठवली.

दोघे 1838 साली शिडाच्या जहाजाने निघाले ते जहाजबांधणी शिकायला, चॅटमच्या सरकारी गोदीत. तीच गोदी, जिथे नेल्सनचं 'व्हिक्टरी' 1765 साली पाण्यात उतरलं होतं. सुट्टी मिळाली की लंडन पालथं घालायचं. पार्लमेंट बघायला गेले तर सभासद डोक्यावर हॅट तशीच ठेवून पेंगत बसलेले. एवढं साम्राज्य चालवणारी माणसं ती हीच का, असं त्यांना झालं. हा तिरकस डोळा मला फार आवडला. शिकायला गेले होते, पण दिपून गेले नव्हते.

आता प्रश्न असा, की वाडियांना जहाजबांधणी शिकायची गरजच काय? लवजी नसरवानजी 1736 साली सुरतेहून मुंबईत आले तेव्हापासून घरात हाच धंदा. यांच्या सागवानी जहाजांनी इंग्रजांच्या लढाया लढल्या. 1817 सालचं 'त्रिंकोमाली' तर इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगतं आहे. पण वाफ आली होती. 1838 च्याच एप्रिलमध्ये 'सिरियस' आणि 'ग्रेट वेस्टर्न' या आगबोटी अटलांटिक ओलांडून एकापाठोपाठ न्यूयॉर्कला लागल्या. वारा बघून जहाज बांधायचे दिवस भरत आले होते, हे घरातल्या हुशार माणसांना दिसत होतं. त्याच घराण्यातले अर्देसर खुरशेटजी 1839 मध्ये वाफेची इंजिनं अभ्यासायला गेले आणि 1841 मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले, पहिले भारतीय.

म्हणजे आपली माणसं आळशी नव्हती, झोपलेलीही नव्हती. योग्य वेळी, योग्य जागी जाऊन शिकून आली होती.

मग झालं काय? 1848 साली मुंबईत 'मियानी' हे ऐंशी तोफांचं लाकडी जहाज बांधलं गेलं. इंग्रजी आरमारासाठी मुंबईने बांधलेलं तेवढं मोठं जहाज ते शेवटचंच. 1860 साली लोखंडी 'वॉरियर' थेम्सवर पाण्यात उतरलं आणि लाकडाचा खेळ संपला. हात वाडियांचे होते, पण गोदी कंपनीची. कुठलं जहाज बांधायचं, कुठे बांधायचं, पैसे कशावर घालायचे, हे लंडनमध्ये ठरायचं.

आणि कोरिया? 1972 मध्ये ह्युंदाईने उल्सानच्या किनाऱ्यावर यार्ड बांधायला घेतलं आणि आपले इंजिनिअर स्कॉटलंडच्या स्कॉट लिथगो यार्डात शिकायला धाडले. 1974 मध्ये यार्ड पुरं झालं आणि दोन लाख साठ हजार टनांच्या तेलवाहू जहाजांचं बारसंही झालं, स्कॉटिश आराखड्यांवर बांधलेल्या. शिकून आलेल्या माणसांसाठी घरी गोदी तयार होती, आणि ती त्यांच्याच देशाची होती. स्कॉट लिथगो आज नाही. स्वीडनमधल्या माल्मोच्या बंद पडलेल्या यार्डची 138 मीटर उंच क्रेन ह्युंदाईने एका डॉलरला घेतली आणि उल्सानला आणून उभी केली. तिला 'माल्मोचे अश्रू' म्हणतात. रोज तिच्याकडे बघत मी कामावर जायचो.

तेव्हा मला ती फक्त एक मोठी क्रेन वाटायची. आज वाटतं, विद्या कुणीही शिकून येतं. ती उतरवून घ्यायला घरी जागा लागते, आणि त्या जागेचा मालक कोण हे फार महत्त्वाचं.

हे लिहिताना एक गोष्ट मात्र टोचते. मी परत आलो तेव्हा सहा वह्या भरून टिपणं आणली होती. कुठे वेल्ड फाटतं, कुठे रंग सुटतो, ब्लॉक जोडताना मापं कशी सांभाळतात. 'इथे कुणाला हवंय' असं म्हणून त्या माळ्यावर टाकल्या. वाडियांना दोष द्यायला निदान कंपनी सरकार तरी होतं. माझ्याकडे कुणी मागितल्या नाहीत हे खरं, पण मीही कुणाला दिल्या नाहीत.

धाकट्या भावाचा मुलगा यंदा नेव्हल आर्किटेक्चरला लागला आहे. बाळा, हे वाचत असशील तर रविवारी ये. माळ्यावर चढायला आता माझे गुडघे साथ देत नाहीत, शिडी तू धर... नाही, तूच चढ. शिडी मी धरतो.