तासगाव ते वडूज, सहा दिवस

३ सप्टेंबर १९४२ रोजी तासगावच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा आला. मामलेदाराने गांधी टोपी डोक्यावर घेतली, कचेरीवर तिरंगा चढला आणि माणसे आपापल्या गावी परतली. ९ सप्टेंबरला वडूजच्या कचेरीवर असाच मोर्चा आला. तिथे पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि नऊ माणसे हुतात्मा झाली. दुसऱ्याच दिवशी, १० सप्टेंबरला, इस्लामपुरात पुन्हा गोळीबार झाला. त्यात उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे गेले. जिल्हा एकच, कायदा एकच, मोर्चाचा हेतूही एकच. तासगाव आणि वडूज यांच्यामध्ये दिवस फक्त सहा.

हे सहा दिवस मला वर्षानुवर्षे अस्वस्थ करत आले आहेत. पोलिसाच्या हातातली बंदूक कधी सुटते आणि कधी सुटत नाही, हा प्रश्न हल्ली अमेरिकेच्या बातम्यांमुळे आपल्यापुढे वारंवार येतो. पण तो आपल्या खटाव आणि वाळवा तालुक्यांत, म्हणजे वडूज आणि इस्लामपुरात, ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी विचारला गेला आहे, आणि त्याच्या उत्तराचे तुकडे कागदांत सापडतात.

कागद शोधणाऱ्याने आधी नकाशा नीट लावून घ्यावा. १९४२ चा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. तासगाव, वाळवा, शिराळा हा सगळा मुलूख त्यात होता. सांगली शहर मात्र पटवर्धनांच्या संस्थानात, आणि किर्लोस्करवाडी औंध संस्थानात. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे इस्लामपूरच्या गोळीबाराचा माग काढायचा तर साताऱ्याच्या नावाने काढावा लागतो. इस्लामपुरात पडलेले पंड्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात इंजिनियर होते. म्हणजे ते एका संस्थानातून इंग्रजी मुलखात आले आणि तिथल्या गोळीला बळी पडले. आज या सगळ्या जागा एकाच जिल्ह्यात आहेत, म्हणून ही सरहद्द आपल्या ध्यानात येत नाही.

मोर्चांचा क्रम ठरलेला दिसतो. २४ ऑगस्टला कराड, २९ ला पाटण, ३ सप्टेंबरला तासगाव, मग वडूज, मग इस्लामपूर. मुंबईच्या गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव होऊन पुढारी तुरुंगात गेले होते. मागे राहिलेल्या माणसांनी ठरवले की तालुक्याची कचेरी हेच आपल्याला दिसणारे सरकार, तेव्हा तिच्यावर झेंडा लावायचा. खेड्यातल्या माणसाच्या दृष्टीने हे अगदी बरोबर होते. त्याला व्हाइसरॉय कधी दिसला नव्हता. शेतसारा वसूल करणारा मामलेदार आणि चावडीवर येणारा फौजदार मात्र त्याच्या रोजच्या ओळखीचे होते.

आता कायदा पाहू. १८९८ चा फौजदारी प्रक्रिया कायदा तेव्हा लागू होता. त्याचे कलम १२७ सांगते की मॅजिस्ट्रेट किंवा ठाण्याचा अंमलदार बेकायदा जमावाला पांगण्याचा हुकूम देऊ शकतो. कलम १२८ सांगते की हुकूम देऊनही जमाव पांगला नाही, किंवा हुकूम देण्याआधीच तो पांगणार नाही असे त्याच्या वागण्यावरून दिसले, तर बळाचा वापर करता येईल. पुढच्या दोन कलमांत लष्कराची मदत घेण्याची तरतूद आहे, आणि तिथे एक वाक्य येते: लष्करी अधिकाऱ्याने कमीत कमी बळ वापरावे आणि माणसांना व मालमत्तेला कमीत कमी इजा करावी. हे वाक्य लष्करासाठीच्या कलमात आहे. पोलिसांसाठीच्या १२८ मध्ये ते नाही.

मी ही कलमे अनेकदा शेजारीशेजारी ठेवून वाचली आहेत. लष्कर बोलावले की कमीत कमी बळाची अट कायद्याच्या मजकुरातच येते. शिपायाच्या हाती मस्केट असेल तर ती अट मजकुरात नसते. शिवाय कलम १३२ होतेच: सद्भावनेने केलेल्या अशा कृतीबद्दल सरकारच्या मंजुरीवाचून खटला भरता येणार नाही. म्हणजे ज्या सरकारने गोळी झाडली त्याचीच परवानगी घेऊन त्याच्या माणसाला कोर्टात ओढायचे.

या कलमांनी मामलेदाराच्या हाती गोळी दिली, पण ती झाडण्याची सक्ती केली नव्हती. ‘करता येईल’ एवढेच शब्द तिथे आहेत. तासगावच्या मामलेदाराने तो अधिकार वापरला नाही, वडूजला तो वापरला गेला. माझे अनुमान असे की तासगावची गांधी टोपी वरिष्ठांना फार झोंबली असावी आणि पुढच्या कचेऱ्यांना ताठ राहण्याचा इशारा गेला असावा. हे अनुमान आहे, पुरावा नव्हे. पुरावा एवढाच की ३ तारखेनंतरच्या दोन्ही मोठ्या मोर्चांवर बंदुका चालल्या.

वडूजला मोर्चाच्या पुढे झेंडा घेऊन परशुराम घार्गे होते. ते जयराम स्वामींच्या वडगावचे. साताऱ्यात हा गोळीबार काही पहिला नव्हता. १९३० मध्ये बिळाशीच्या जंगल सत्याग्रहातही पोलिसांनी गोळी चालवली होती. शिराळ्याकडच्या माणसांना सरकारी बंदुकीचा आवाज बारा वर्षे आधीपासून माहीत होता. तरीही वडूज आणि इस्लामपूरकडे माणसे हातात शस्त्र न घेता चालत गेली.

शस्त्र नसण्यालाही कायदेशीर कारण होते. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा ठरवले होते, आणि युरोपीय लोकांना त्यातून सूट होती. अमेरिकेत १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा हक्क मानला. त्यामुळे तिथला पोलीस गोळी झाडून झाल्यावर जो बचाव सर्रास मांडतो, समोरच्याच्या हाती पिस्तूल असेल असे वाटले हा, त्याला तिथल्या समाजात निदान काही आधार असतो. वडूजच्या कचेरीत उभ्या असलेल्या अंमलदाराला तो आधार नव्हता. समोरच्या गर्दीकडे बंदुका नसणार याची तजवीज त्याच्याच सरकारने चौसष्ट वर्षांपूर्वी केली होती.

गोळीबार झाला की दोन गोष्टी विचाराव्या लागतात. हुकूम कोणी दिला, आणि ज्यांनी पाहिले त्यांच्या जबान्या कोणी घेतल्या. या बाबतीत बोस्टनची आठवण होते. ५ मार्च १७७० रोजी इंग्रज सैनिकांनी तिथल्या जमावावर गोळ्या झाडल्या, पाच माणसे मेली. शहराने लगेच नव्वदहून अधिक साक्षीदारांच्या जबान्या घेऊन त्या छापल्या. कॅप्टन प्रेस्टन आणि त्याचे सैनिक यांच्यावर खटले झाले. पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला जॉन ॲडम्स त्यांचा वकील होता. प्रेस्टन सुटला, दोन सैनिकांवर मनुष्यवधाचा गुन्हा शाबीत झाला. निकाल काही असो, ‘फायर’ हा शब्द कोणी उच्चारला यावर भर कोर्टात उलटसुलट साक्ष झाली आणि ती लिहून ठेवली गेली.

आपल्याकडे सरकारने १९४३ च्या फेब्रुवारीत रिचर्ड टॉटनहॅम यांच्याकडून एक पुस्तिका काढली. १९४२ च्या उठावाची जबाबदारी काँग्रेसची आहे, हे तिच्या नावातच सांगितले होते. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असलेल्या गांधीजींनी जुलैमध्ये तिला लांबलचक उत्तर पाठवले. जबाबदारी कोणाची यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले. पण जबाबदारी म्हणजे उठावाची. गोळीच्या जबाबदारीचा प्रश्न त्या पुस्तिकेच्या रचनेतच बसत नव्हता.

मेलेल्यांची नावे गावांनी जपली. वडूजच्या हुतात्मा स्मारकामुळे ती आपल्यापर्यंत आली आणि स्वातंत्र्यानंतर तयार झालेल्या हुतात्म्यांच्या कोशांत ती गेली. कोशातली नोंद तीन-चार ओळींची असते: नाव, गाव, कुठल्या गोळीबारात, कोणत्या तारखेला. नोंदी चाळत गेलो की वडगावकडची माणसे एकामागून एक येतात. एका गावच्या इतक्या घरांवर एका दुपारी काय कोसळले असेल, हे त्या कोरड्या ओळींतूनच जास्त जाणवते.

वडूज-इस्लामपूरनंतर साताऱ्याने कचेरीवर निःशस्त्र चालत जाणे सोडले. चळवळ भूमिगत झाली. १९४३ पासून नाना पाटलांच्या नावाने प्रतिसरकार उभे राहिले, कुंडलला तुफान सेना तयार झाली, आणि बंदुका मिळवायच्या तर त्या ज्यांच्याकडे होत्या त्यांच्याकडूनच, हे सूत्र ठरले. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई यांनी उतारवयात दिलेल्या मुलाखतींत भवानीनगरची हकीकत सांगितली आहे. पोलीस चौकीसमोर त्यांनी आणि एका सहकाऱ्याने नवरा-बायकोच्या भांडणाचे सोंग केले. तो त्यांना खरोखर मारू लागला, पोलीस सोडवायला बाहेर आले, आणि तेवढ्यात साथीदारांनी आतली हत्यारे उचलली. हौसाताई २०२१ मध्ये गेल्या. त्यांनी सांगितले नसते तर चौकीच्या दप्तरात ही गोष्ट फार तर हत्यारे चोरीला गेल्याची एक ओळ म्हणून उरली असती.

२४ जुलै १९४३ रोजी सांगलीच्या तुरुंगातून वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून निसटले. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव मारले गेले, वसंतदादांच्या खांद्याला गोळी लागली. पळणाऱ्या माणसावर गोळी झाडावी का, याविषयी १८९८ च्या त्याच कायद्यात कलम ४६ होते. ज्याच्यावर मृत्युदंडाचा किंवा जन्मठेप काळ्या पाण्याचा गुन्हा नाही, त्याला अटक करताना जिवे मारण्याचा हक्क ते देत नाही. अमेरिकेत पळणाऱ्या संशयितावर गोळी झाडण्याला १९८५ च्या टेनेसी विरुद्ध गार्नर या निकालाने लगाम घातला. मेम्फिसमध्ये कुंपणावर चढणाऱ्या निःशस्त्र पंधरा वर्षांच्या मुलाला मारल्याचे ते प्रकरण. म्हणजे कागदावर इथला वसाहती कायदा अमेरिकेच्या कितीतरी आधी त्या जागी पोचला होता. संस्थानी हद्दीत, बंदुका घेऊन निघालेल्या राजकीय कैद्यांच्या बाबतीत त्या कलमाचा काय अर्थ लावायचा, यावर कायद्याच्या अभ्यासकांनी सविस्तर लिहायला हवे.

१९४६ मध्ये मुंबईत खेर मंत्रिमंडळ आले आणि भूमिगतांवरची वॉरंटे उठली. त्याच्या थोडेच आधी, फेब्रुवारीत, शिराळ्याच्या डोंगरात मणदूरजवळ पोलिसांशी झालेल्या चकमकीत भूमिगतांपैकी किसन अहिर आणि नानकसिंग पडले. पुढे तुफान सेनेच्या बंदुका साताऱ्या-सांगलीच्या रोजच्या जगण्यात मुरल्या नाहीत. ज्यांच्या हाती त्या होत्या ती माणसे निवडणुकांत, पाणी योजनांत, सहकारात गेली. वाळव्याला नागनाथअण्णा नायकवडींनी साखर कारखाना काढला आणि त्याला किसन अहिरांचे नाव दिले. आज उसाच्या बिलाची पावती हाती घेणारा शेतकरी हुतात्मा किसन अहिर हे नाव तिच्यावर वाचतो.

जमाव पांगवण्याचे कलम मात्र टिकून आहे. १९७३ च्या संहितेत १२८ चे १२९ झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याचा क्रमांक १४८ आहे. कमीत कमी बळाचे वाक्य अजूनही पुढच्या, लष्कराच्या कलमातच आहे.