हिवाळी गहू, थंडीची आठवण आणि लायसेंको

समाजमाध्यमांवर अलीकडे एक विधान वारंवार फिरते: "लायसेंको अखेर बरोबर ठरला, एपिजेनेटिक्सने त्याला न्याय दिला." रशियात या आशयाचे लेखन इतके वाढले, की विज्ञानाचे इतिहासकार लॉरेन ग्रॅहम यांनी त्याचा परामर्श घेण्यासाठी 'लायसेंकोज घोस्ट' (२०१६) हे स्वतंत्र पुस्तक लिहिले. ज्या वादाच्या ओघात एका थोर वनस्पतिशास्त्रज्ञाला तुरुंगात उपासमारीने खंगून मरावे लागले, त्या वादाचा निकाल एका ओळीत फिरवू पाहणारे हे विधान तपासून घेतले पाहिजे. आजचा धागा त्यासाठी.

प्रथम गव्हाकडे पाहू. आपल्याकडचा रब्बी गहू कार्तिकाच्या सुमारास पेरला जातो आणि फाल्गुनात काढणीला येतो. त्याला थंडी मानवते, पण ओंबी धरण्यासाठी दीर्घ कडाक्याच्या थंडीची अट तो घालत नाही. शास्त्रीय वर्गीकरणात भारतातील बहुतेक गहू 'वसंती' गटात मोडतो. युक्रेन-रशियातील 'हिवाळी' गव्हाची रीत निराळी. तो शरदात पेरतात, रोप बर्फाखाली हिवाळा काढते आणि वसंतात जोमाने उठते. तोच गहू वसंतात पेरला तर नुसती पाती फुटत राहतात, ओंबी येत नाही. कित्येक आठवड्यांची थंडी अनुभवल्याखेरीज फुलायचे नाही, असा जणू त्याचा नेम असतो. त्यामागे शहाणपण आहे. हिवाळ्याच्या तोंडावर फुलणारे रोप फुलोऱ्यासकट गोठून मरेल.

ही गोष्ट लायसेंकोने शोधली, असा समज आजही आढळतो. तो खरा नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यात जॉन क्लिपार्ट याने १८५७ मध्येच भिजवलेल्या बियाण्याला थंडी देऊन हिवाळी गहू वसंतात पेरण्याविषयी लिहिले होते. १९१८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव्ह गासनर याने हिवाळी धान्यांच्या थंडीच्या गरजेचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला.

त्रोफिम लायसेंको हा युक्रेनमधील शेतकरी कुटुंबातला. १९२७ मध्ये 'प्रावदा'ने त्याच्यावर लेख छापून त्याला 'अनवाणी प्राध्यापक' म्हणून देशापुढे आणले. त्या सुमाराच्या हिवाळ्यांत युक्रेनमधील हिवाळी गव्हाचे मोठे क्षेत्र बर्फाने मारले. १९२९ मध्ये लायसेंकोच्या वडिलांनी भिजवून बर्फात ठेवलेले हिवाळी गव्हाचे बी वसंतात पेरले आणि त्याला ओंब्या आल्याची बातमी सर्वत्र झाली. या पद्धतीला त्याने नाव दिले 'यारोविझात्सिया', म्हणजे आपल्या परिभाषेत वासंतीकरण. दुष्काळाने आणि सक्तीच्या सामूहिक शेतीने पोळलेल्या राजवटीला खर्चावाचून पीक वाढवणारी युक्ती हवीच होती. पद्धत लाखो हेक्टरांवर लादली गेली. यशाचे मोजमाप बहुतांशी सामूहिक शेतांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवरून झाले, आणि त्या काळात अशा प्रश्नावलीत 'अपयश' लिहिण्याची छाती किती जणांना झाली असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. ओलसर बी आठवडेच्या आठवडे थंड ठेवताना ते मोड येऊन वा बुरशीने नासत असे, हा भाग वेगळाच.

येथे एक मौज आहे. पुढे ज्याचा बळी गेला त्या निकोलाय वाविलोव यांनीच आरंभी या कामाचे कौतुक केले होते. जगभरातून त्यांनी गोळा केलेल्या वाणांचा संकर करायचा, तर ते वाण एकाच वेळी फुलायला हवेत. वासंतीकरण त्यासाठी उपयोगी पडेल, असे त्यांना वाटे. ती अपेक्षा गैर नव्हती.

फट पडली ती पुढच्या दाव्यामुळे. थंडी दिलेले बी लवकर फुलते, एवढ्यावर लायसेंको थांबला नाही. बाह्य परिस्थितीने घडवलेला बदल वंशपरंपरेने उतरतो, हिवाळी गव्हाला 'शिकवून' कायमचा वसंती करता येतो, असे तो म्हणू लागला. त्याच्या गाजलेल्या प्रयोगाचा पाया कोणता? १९३५ मध्ये 'कोऑपरातोर्का' या हिवाळी वाणाची दोन रोपे. त्यांतले एक मेले. उरलेल्या एकाच रोपाच्या संततीवरून आनुवंशशास्त्राला आव्हान दिले गेले. माझ्या मते लायसेंकोचे खरे कसब या दोन दाव्यांची सरमिसळ करण्यात होते. पहिला दावा खरा होता, पण त्याचा नव्हता. दुसरा त्याचा होता, पण खरा नव्हता. पहिल्याच्या पुण्याईवर दुसरा खपला.

पुढचा घटनाक्रम अनेकांना ठाऊक असेल. १९३८ मध्ये लायसेंको सोव्हिएत कृषिविज्ञान अकादमीचा अध्यक्ष झाला. ६ ऑगस्ट १९४० रोजी पश्चिम युक्रेनमध्ये संशोधन दौऱ्यावर असताना वाविलोव यांना अटक झाली. देहदंडाची शिक्षा वीस वर्षांच्या कैदेत बदलली गेली, पण २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोवच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. इकडे वेढ्यात अडकलेल्या लेनिनग्राडमध्ये त्यांच्या संस्थेतले सहकारी धान्याच्या संग्रहाशेजारी उपाशी मेले, पण त्यांनी बियाण्याला हात लावला नाही. १९४८ च्या ऑगस्टमधील अकादमीच्या अधिवेशनानंतर आनुवंशशास्त्र सोव्हिएत संघात जवळजवळ बंद पडले. लायसेंकोचे स्थान डळमळले ते ख्रुश्चेव्ह पायउतार झाल्यावर, १९६५ मध्ये.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रोप थंडी 'लक्षात' ठेवते तरी कसे? थंडी जानेवारीत पडते, फूल मे महिन्यात येते, आणि मधल्या काळात पेशी कितीदा तरी विभागल्या जातात.

उत्तर प्रथम गव्हात सापडले नाही. ते अरेबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील इवल्याशा तणात सापडले. १९९९ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन आणि ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील दोन गटांनी 'एफएलसी' हे जनुक ओळखले. हे जनुक म्हणजे फुलोऱ्यावरचा लगाम. त्याचे प्रथिन फुलण्याची आज्ञा देणाऱ्या जनुकांना दाबून ठेवते. थंडी आठवडेच्या आठवडे टिकली की काही विशिष्ट प्रथिने एफएलसीपाशी जमतात आणि डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवर रासायनिक खुणा करतात. तेथील गुंडाळी घट्ट होते आणि जनुक मूक होते. डीएनएतील अक्षर एकही बदलत नाही, तरी ऊब परतल्यावर नव्या पेशींमध्येही हे मौन टिकते. इंग्लंडमधील नॉर्विच येथे कॅरोलिन डीन आणि मार्टिन हॉवर्ड यांच्या गटांनी २०११ मध्ये दाखवले, की एकेका पेशीत हे जनुक एक तर चालू असते किंवा बंद. थंडी जितकी लांबते तितक्या अधिक पेशींत ते बंद पडते.

म्हणजे परिस्थितीने उमटवलेली, डीएनए न बदलता टिकणारी आठवण खरोखर असते. लायसेंकोचे समर्थक येथेच थांबतात. पुढचे पान मात्र ते उलटत नाहीत. नवे बीज तयार होताना, भ्रूणाच्या वाढीत, एफएलसीवरच्या त्या खुणा पुसल्या जातात आणि जनुक पुन्हा बोलू लागते. प्रत्येक पिढीला आपली थंडी स्वतःच सोसावी लागते. त्याच्या दाव्याचा कणा संततीतील वारसा हा होता, आणि नेमका तोच येथे पुसला जातो.

गव्हात यंत्रणा निराळी आहे. तेथे थंडीने 'व्हीआरएन१' हे जनुक जागे होते आणि फुलोरा रोखणाऱ्या 'व्हीआरएन२' ला गप्प करते. २००३ मध्ये कॅलिफोर्नियातील होर्हे दुब्कोव्हस्की यांच्या गटाने व्हीआरएन१ वेगळे काढले. वसंती गव्हात या जनुकाच्या नियंत्रक भागात डीएनएचा तुकडा गळालेला वा बदललेला आढळतो, त्यामुळे ते थंडीची वाट न पाहता चालू होते. हिवाळी गहू कायमचा वसंती होतो तो या मार्गाने. उत्परिवर्तन घडते, आणि शेतकऱ्याची निवड ते टिकवते. शिवाय व्हीआरएन१ जागे झाले की गोठण सोसण्याची रोपाची ताकद उतरू लागते. हिवाळी गव्हाचा तग आणि त्याचा फुलण्यातला उशीर हे असे एकमेकांत गुंतलेले आहेत.

युक्रेनमधील शेतकरी हिवाळी गहू आजही दर शरदात नव्याने पेरतो. गेल्या वर्षीच्या ओंबीतून आलेल्या बियाण्याला गेल्या वर्षीची थंडी आठवत नसते.