प्रमाणशीर मत, एकच जागा : बुलढाणा आणि स्थानिक प्राधिकारी मतदारसंघ

बुलढाणा जिल्ह्यातील सामान्य मतदाराला प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची मतपत्रिका सहसा पाहायला मिळत नाही. ग्रामपंचायत असो, नगरपरिषद असो की जिल्हा परिषद, ज्याला जास्त मते तो विजयी हाच तिथला नियम. या संस्थांत निवडून गेलेले सदस्य पुढे विधान परिषदेवर आपला प्रतिनिधी पाठवतात, तेव्हा मात्र नियम बदलतो. राज्यघटनेच्या १७१व्या कलमाप्रमाणे ही निवडणूक प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने, एकल संक्रमणीय मताद्वारे होते आणि मतदान गुप्त असते. महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी २२ जागा अशा स्थानिक प्राधिकारी मतदारसंघांच्या आहेत. अकोला, वाशीम आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांच्या वाट्याला त्यांतली एक येते.

बुलढाण्याला हा हक्क उशिरा मिळाला. जिल्हा वऱ्हाडातला. १८८५चा ग्रामीण मंडळांचा कायदा आणि १८८६चा नगरपालिका कायदा यांमुळे वऱ्हाडात स्थानिक स्वराज्याची घडी बसली होती. पण १९३५च्या कायद्याने मुंबई, मद्रास, बंगाल अशा काही प्रांतांना वरिष्ठ सभागृह दिले, त्यात मध्य प्रांत-वऱ्हाड नव्हता. जिथे वरिष्ठ सभागृहच नाही, तिथे नगरपालिकांनी त्यावर माणूस पाठवण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा विधान परिषद असलेल्या राज्यात बुलढाण्याचा प्रथमच समावेश झाला. पुढे १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातील मतदारांची आजची रचना तयार झाली. १९९८मध्ये अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा निघाला. जिल्हे दोनाचे तीन झाले, जागा एकच राहिली.

या मतदारसंघाचे मतदार म्हणजे जिल्हा परिषद सदस्य, पंचायत समित्यांचे सभापती, नगरपरिषदा व नगरपंचायतींचे सदस्य आणि अकोला महानगरपालिकेचे नगरसेवक. ग्रामपंचायतीचा सरपंच किंवा पंच यात मोडत नाही. गावगाड्यातील सर्वांत मोठा निवडून आलेला वर्ग या प्रक्रियेबाहेर राहतो, ही या रचनेतील मोठी उणीव आहे. बुलढाण्याचे तालुके तेरा, म्हणून सभापतीही तेरा. बुलढाणा, खामगाव, शेगाव, मलकापूर, चिखली, मेहकर अशा नगरपरिषदांचे सदस्य त्यांत मिळवले की जिल्ह्याचे वजन कळते.

मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसतो. निवडणूक अधिकारी देतील त्याच जांभळ्या शाईच्या पेनाने उमेदवाराच्या नावासमोर पसंतीचा आकडा लिहायचा असतो. १ हा आकडा अनिवार्य, २ आणि पुढचे ऐच्छिक. ‘एक’ असे अक्षरांत लिहिले, बरोबरची खूण केली, सही केली किंवा दोन नावांसमोर १ लिहिला, तर मत बाद. मोजणीत आधी वैध मते ठरतात. एकाच जागेसाठी निवडणूक असेल तर त्यांना दोनने भागून, त्यात एक मिळवून, अपूर्णांक सोडून कोटा काढतात. पहिल्या पसंतीत कोणीच कोटा गाठला नाही, तर सर्वांत मागचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे उरलेल्यांत वाटल्या जातात. मत वाया जाऊ नये, हा या पद्धतीचा प्राण आहे.

१० डिसेंबर २०२१चे मतदान हे सारे दाखवणारे ठरले. एका बाजूला सलग तीन वेळा निवडून आलेले शिवसेनेचे गोपीकिशन बाजोरिया महाविकास आघाडीतर्फे उभे होते, तर दुसऱ्या बाजूला भाजपचे वसंत खंडेलवाल. ८२२ मतदारांपैकी ८०८ जणांनी मतदान केले. १४ डिसेंबरला मोजणी झाली. ३१ मते अवैध ठरली, ७७७ वैध. कोटा ३८९. खंडेलवाल यांना ४४३, बाजोरिया यांना ३३४. पहिल्याच पसंतीत निकाल लागला, दुसऱ्या पसंतीकडे पाहण्याची वेळच आली नाही. राज्यात तेव्हा महाविकास आघाडीची सत्ता होती आणि तिन्ही जिल्ह्यांत आघाडीतील पक्षांचे एकत्रित बळ भाजपपेक्षा जास्त धरले जात होते. तरी १०९ मतांनी जागा गेली.

बाद झालेली ३१ मते विचार करायला लावतात. ती लोकांनी निवडून दिलेल्या सदस्यांची होती. आपल्या प्रभागात मतदान कसे करावे हे लोकांना समजावून सांगणाऱ्यांची मते बाद व्हावीत, ही खेदाची गोष्ट आहे. आघाडीचे बळ फुटले कसे, याचे कारण मतदानाच्या गुप्ततेत आहे. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराला २००३पासून आपले मत पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावे लागते. विधान परिषदेला ती सक्ती नाही. मतदार थोडे, ओळखीचे आणि मत गुप्त. म्हणूनच या निवडणुकीच्या आधी सदस्यांना सहलीला नेणे आणि घोडेबाजाराची चर्चा हे महाराष्ट्रात नेहमीचे झाले आहे.

पद्धतीचे नाव प्रमाणशीर असले, तरी जागा एक असताना प्रमाण कशाचे ठेवणार? निम्म्याहून अधिक मते मिळवणाऱ्याला सर्व काही आणि उरलेल्या ३३४ मतांना शून्य, हा निकाल साध्या बहुमताच्या निवडणुकीपेक्षा वेगळा नाही. फरक दिसतो तो जागा वाढल्यावर. त्याच वेळी मुंबई महानगरपालिकेच्या मतदारसंघात दोन जागा होत्या. तिथे विजयाला सुमारे एक तृतीयांश मते पुरत होती. २०१७मध्ये शिवसेनेचे ८४ आणि भाजपचे ८२ नगरसेवक निवडून आले होते. शिवसेनेचे सुनील शिंदे आणि भाजपचे राजहंस सिंह दोघेही बिनविरोध निवडून आले. कायदा तोच, पण तिथे दोन्ही पक्षांना आपापल्या बळाप्रमाणे वाटा मिळाला.

ही पद्धत सर्वसामान्यांच्या नगरपालिका निवडणुकीतही चालते, हे आयर्लंडने शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले. कर्जात बुडालेल्या स्लायगो शहराने जानेवारी १९१९मध्ये पालिकेची निवडणूक याच पद्धतीने घेतली. पुढच्या वर्षी ती सगळ्या देशातील स्थानिक संस्थांना लागू झाली आणि आयर्लंडमध्ये आजही चालू आहे. तिथे एका प्रभागातून अनेक सदस्य निवडले जातात, म्हणून लहान गटालाही जागा मिळते. बुलढाण्याच्या नगरपरिषदांत प्रमाणाचे तत्त्व येते ते निवडणुकीनंतर. स्वीकृत सदस्यांच्या जागा पक्षांना तौलनिक संख्याबळाप्रमाणे मिळतात. गटनेत्यांची नोंदणी आणि आघाडीचा गट बांधण्याची धावपळ त्यासाठीच असते. पण तिथे मत मोजले जात नाही, डोकी मोजली जातात.

विदर्भातील एक-एक जागेचे मतदारसंघ जोडून दोन-तीन जागांचे केले, तर घटनेने सांगितलेले प्रमाण प्रत्यक्षात उतरेल. त्यासाठी मतदान पद्धतीत काहीच बदलावे लागणार नाही, मतदारसंघांची आखणी तेवढी बदलावी लागेल. खंडेलवाल यांची सहा वर्षांची मुदत जानेवारी २०२८मध्ये संपते, आणि आखणी तोवर बदलली नाही तर पुढची निवडणूकही एकाच जागेसाठी होईल.