सुरतेचा मुक्काम

20 जून 2022ची रात्र. विधान परिषदेचे निकाल लागत होते आणि तिकडे अहमदाबादच्या रस्त्याला शिवसेनेच्या आमदारांच्या गाड्या गुजरातकडे सुटल्या होत्या. धाराशिवचे आमदार कैलास पाटील यांनी नंतर सांगितलं ते असं : गाडी कुठे चाललीय हे लक्षात आल्यावर लघवीचं निमित्त करून ते खाली उतरले आणि भर पावसात, अंधारात उलट पावली चार-एक किलोमीटर चालले. पुढे एका दुचाकीवाल्याने थोडं सोडलं, मग ट्रकवाल्याने. बाकीचे बंड करणाऱ्या एकनाथ शिंद्यांसोबत सुरतेला, डुमस रोडवरच्या ली मेरिडियन हॉटेलात पोचले.

सुरत म्हटलं की मराठी माणसाला 1664ची लूट आठवते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी मोबाइलवर विनोदांना ऊत आला. मला मात्र 1907ची सुरत आठवली. काँग्रेसचं ते अधिवेशन खरं नागपूरला व्हायचं, पण तिथे टिळकांचा जोर म्हणून ते सुरतेला हलवलं. टिळक बोलायला उभे राहिले, त्यांना बोलू देईनात, आणि मंडपातून एक मराठी जोडा भिरभिरत आला तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर आपटला. पुढे खुर्च्या, काठ्या, पोलीस. टिळकांचे जहाल बाहेर पडले ते 1916च्या लखनौ अधिवेशनापर्यंत बाहेरच राहिले. फूट पडली ती उघड्या मंडपात, हजारोंच्या डोळ्यांदेखत. मग तिला दार लावून बसायला खोल्या कधीपासून लागू लागल्या?

सुरुवातीला लागत नव्हत्या. 1967मध्ये हरियाणाचे आमदार गयालाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि देशाला ‘आयाराम गयाराम’ दिले. 1978मध्ये वसंतदादांच्या मंत्रिमंडळातून शरद पवार चाळीसच्या आसपास आमदार घेऊन निघाले आणि जुलैत मुख्यमंत्री झाले. त्यासाठी कुणाला परराज्यात ठेवावं लागलं नाही. जायचं तर जा, एवढाच नियम होता. 1984मध्ये आंध्रच्या रामारावांनी आपले आमदार कर्नाटकात नेऊन ठेवले होते खरे, पण ते राखण्यासाठी, फोडण्यासाठी नव्हे.

चित्र बदललं 1985मध्ये. राजीव गांधींनी बावन्नावी घटनादुरुस्ती आणून दहावं परिशिष्ट जोडलं. एकट्यादुकट्याने पक्ष सोडला तर आमदारकी जाणार. एक तृतीयांश एकदम निघाले तर मात्र ती ‘फूट’, आणि फुटीला माफी. चिल्लर चोरीला शिक्षा, ठोक चोरीला सूट, अशीच टीका तेव्हाही झाली होती. पण त्या टीकेत एक गोष्ट राहून गेली. ठोक माल जमवायचा तर आधी गोदाम लागतं.

शिवसेना फोडणाऱ्या छगन भुजबळांचं गणित पाहा. 1990मध्ये सेनेचे 52 आमदार निवडून आले होते, त्याचा तृतीयांश म्हणजे 18. डिसेंबर 1991मध्ये नागपूर अधिवेशनात फूट झाली ती याच आकड्याच्या आधाराने.

गोदामाला खरं रूप दिलं ते शंकरसिंह वाघेलांनी. जनसंघातून आलेला, संघाच्या मुशीतला माणूस. गुजरातेत भाजप उभा करणाऱ्यांत त्यांचं नाव पहिल्या ओळीत येतं. 1995मध्ये 182पैकी 121 जागा आल्या आणि मुख्यमंत्री झाले केशुभाई. तृतीयांश म्हणजे 41. सप्टेंबरअखेर केशुभाई अमेरिकेत असताना वाघेलांनी, म्हणजे बापूंनी, चाळीसहून जास्त आमदार आधी वासण गावी गोळा केले आणि तिथून विमानाने थेट खजुराहोला नेले. मध्य प्रदेशात काँग्रेसचं राज्य, तेव्हा पोलिसांची भीती नाही. गुजराती जिभेने ताबडतोब नावं पाडली : गेले ते खजुरिया, केशुभाईंपाशी राहिले ते हजुरिया, कुठेच नव्हते ते मजुरिया. केशुभाईंची खुर्ची गेली, पण बापूंना मिळाली नाही. ती त्यांनी वर्षभराने नवा पक्ष काढून, काँग्रेसच्या पाठिंब्यावर मिळवली आणि वर्षभरात घालवली. त्यानंतर काँग्रेस, केंद्रात वस्त्रोद्योग खातं, 2017मध्ये काँग्रेसलाही रामराम, मग राष्ट्रवादी, मग तीही नको. पक्ष बदलत राहिले, पण मागे राहिली ती खजुराहोची युक्ती. माझ्या मते 2022च्या सुरतेचा वंश थेट तिथूनच येतो.

2003च्या दुरुस्तीने तृतीयांशाची पळवाट बुजवली. म्हणून 2005मध्ये सेनेतून निघालेल्या नारायण राण्यांना आमदारकी सोडून मालवणातून पुन्हा निवडून यावं लागलं. सरळ रस्ता तोच होता, पण तो महाग. उरली ती दोन तृतीयांशांची आणि विलीनीकरणाची अट.

2022मध्ये सेनेचे 55 आमदार होते, म्हणजे 37 हवे होते. एका रात्रीत 37 जमत नाहीत. जमलेले धरून ठेवायचे आणि उरलेल्यांची वाट पाहायची, तर जागा महाराष्ट्र पोलिसांच्या हद्दीबाहेर पण गाडीने गाठता येईल अशी हवी. सुरत त्यात चपखल बसली. राज्य भाजपचं, पक्षाचे तिथले तेव्हाचे अध्यक्ष सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले, आणि शहरातल्या लिंबायत-उधन्याकडे निम्मा खानदेश नांदतो. सेनेचे मिलिंद नार्वेकर समजूत घालायला हॉटेलात जाऊन आले. तिथूनही मुंबई फार लांब नाही हे कळल्यावर 22च्या पहाटे मंडळी विमानाने गुवाहाटीला गेली. ‘झाडी, डोंगार, हाटील’ हे तिथून गाजलेलं वाक्य पुढचं. आठवड्याने शिंदे मुख्यमंत्री झाले.

विलीन कशात व्हायचं, हा प्रश्न उरलाच होता. त्याला शिंद्यांनी दिलेलं उत्तर वाघेलांनाही सुचलं नव्हतं : आम्ही कुठे गेलोच नाही, आम्हीच शिवसेना. फेब्रुवारी 2023मध्ये निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण त्यांना दिला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ‘फूट’ हा बचाव आता कायद्यात नाही आणि प्रतोद पक्षाने नेमायचा असतो, आमदारांनी नव्हे. अपात्रतेचा निर्णय मात्र विधानसभा अध्यक्षांकडे सोपवला. 10 जानेवारी 2024ला अध्यक्ष राहुल नार्वेकरांनी निकाल वाचला. शिंद्यांचा गट हीच खरी शिवसेना, आणि अपात्र कुणीच नाही : सुरतेच्या हॉटेलात उतरलेला नाही, आणि पावसात उलट पावली चालत आलेलाही नाही.